सवतीचा टाक

मला स्वस्थ बसता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. खाली बसले की माझा उजवा पाय आपला आपण हलायला लागतो. जेवताना हलतो, पोथी ऐकताना हलतो, कुणाकडे बसायला गेले तर त्यांची सतरंजी हलते. आमचे हे मामलेदार कचेरीत कारकून, एका बैठकीत सकाळची संध्याकाळ करणारा माणूस. ते म्हणायचे, तुझ्या पायाला जात्याचा खुंटा बांधला असता तर निम्म्या नंदुरबारचं दळण झालं असतं. मी म्हणायची, आणि तुम्ही बसता तिथे बी पेरलं असतं तर एव्हाना सावली पडली असती. अशी आमची बोलणी.

पण त्या वर्षी आखाजीच्या आधी माझं जे चाललं होतं ते नुसतं पाय हलण्यावर थांबलेलं नव्हतं. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, लुगड्यासाठी दुकानात रांगा लागत. मला त्यातलं काहीच सुचत नव्हतं. सकाळी लावलेलं फडताळ मी दुपारी पुन्हा उपसत होते. ओट्यावर जायची, परत आत यायची, कशाला गेले होते ते विसरायची. झालं होतं एवढंच, की मी सासूबाईंच्या फोटोची काच पुसत होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्या खानदेशात गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, आणि सासरी दिलेल्या लेकी माहेरी येतात. सासूबाईंच्या नावाची घागर फोटोसमोर, आणि माझ्या आईच्या नावाची तिच्या शेजारी, नुसत्या भिंतीसमोर. माझी धाकटी मुलगी तेव्हा लग्नाला आलेली. ती म्हणाली, आई, तुझी आई दिसायला कशी होती गं? मी म्हटलं, तुझ्या नाकासारखं नाक होतं. तिने विचारलं, तू कुठे पाहिलंस? मी फडकं तिच्या अंगावर टाकलं आणि स्वयंपाकघरात गेले.

मी पाहिलं होतं. आई नव्हती पाहिली, कारण ती माझ्या जन्मानंतर महिनाभरात बाळंतरोगाने गेली. पण तिचा टाक पाहिला होता. आमच्याकडे पहिली बायको वारली आणि माणसाने दुसरी केली की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक बांधतात. रुपयाएवढा पातळ पत्रा, त्यावर बाईचा मुखवटा उठवलेला. गेलेल्या सवतीने घरात त्रास देऊ नये म्हणून हा मान. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, सणाला त्याला हळदकुंकू लावायचं, गोडाचा पहिला घास त्याच्यापुढे धरायचा आणि मग आपण खायचं. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, मी आठ-नऊ महिन्यांची असताना दुसरी बायको आणली. तिला मी धाकलीमाय म्हणायची. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात माझी आई होती.

तो मुखवटा मला स्वच्छ आठवत होता. गोल तोंड, दोन ठिपक्यांचे डोळे, सरळ उतरतं नाक आणि जरासे मिटलेले ओठ. गंमत म्हणजे टाक एवढा लख्ख आठवत होता, पण ज्या गळ्यात तो होता तो गळा आठवत नव्हता. धाकलीमायचा चेहरा आठवायला जावं तर हाती काही लागायचं नाही. मला तसं वाटायचं तरी.

मी सहा-सात वर्षांची असताना गाठीच्या तापाची साथ आली. धानोऱ्याच्या अंगाला आमचं गाव, सगळं गाव घरं सोडून शेतातल्या झोपड्यांत राहायला गेलं. झोपडीतून आबा परत आले नाहीत. धाकलीमाय तेव्हा वीस-बावीसची असेल. वर्षभर ती काका-काकूंच्या घरात राबली. मग एके दुपारी तिने मला समोर बसवून दोन वेण्या घातल्या, इतक्या घट्ट की माझे डोळे ताणले गेले. संध्याकाळी ती घरात नव्हती. तिचा बाप गाडी घेऊन आला होता आणि तिला घेऊन गेला. पुढे कळलं की तिचा पाट लागला. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात लाज नाही. पण दुसऱ्या घरी जाताना पहिल्या घरचं काही न्यायचं नसतं. दागिना नाही, भांडं नाही, मूल नाही. आणि गेली की त्या गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही.

त्या वेण्या मी कितीतरी दिवस कुणाला सोडू दिल्या नाहीत. डोक्यात उवा झाल्या तेव्हा काकूने धरून सोडल्या.

काकू वाईट नव्हती. तिने मला वाढवलं, पोटाला कमी केलं नाही, वेळेवर लग्न करून दिलं. पण माझं काही चुकलं की तिच्या तोंडी एक वाक्य यायचं: धाकलीने सगळे दागिने काढून ठेवले आणि टाक तेवढा चोरून नेला, तुझ्या आईला गळ्यात घालून पळाली. हे मी इतक्यांदा ऐकलं की मला आईच्या मरणाचं दुःख उरलं नाही, चोरीचा राग तेवढा उरला. मरणावर कुणाशी भांडणार? चोरीवर भांडता येतं. लग्न होऊन नंदुरबारला आले, मुलं झाली, केस पांढरे व्हायला लागले, तरी तो राग माझ्याकडे शाबूत होता.

आणि त्याच आठवड्यात मणेरीण आली. नंदुरबारच्या मुसलमान वाड्यातली म्हातारी. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा धंदा, सणाच्या आधी ती तापीच्या दोन्ही तीरांवरची गावं करायची. या बायकांचं काम असं, की एकदा हात त्यांच्या हातात गेला की तो सुटेपर्यंत तुम्हाला ऐकावंच लागतं. ती माझा अंगठा दाबत बांगडी चढवत होती आणि बोलत होती. शहाद्याच्या पुढे ब्राह्मणपुरीला एक म्हातारी आहे, म्हणाली, उभ्या जन्मात पाहिलं नाही असं, तिच्या गळ्यात दोन दोन टाक आहेत. आणि दरवेळी हात पुढे करते आणि एकच विचारते, धानोऱ्याकडची अमक्या घरातली पोर कुठे दिली, तुला ठाऊक आहे का? आता मला काय ठाऊक, मी कुणाकुणाची खबर ठेवू. मी हात असा ओढला की चढत आलेली बांगडी मनगटावर फुटली. मणेरीण म्हणाली, बाई, सणाचे दिवस आहेत, जरा जपून. मी तिला म्हातारीचं घर नीट विचारून घेतलं आणि दुसरी बांगडी न भरताच उठले.

चार दिवस मी घरात कुणाला सुखाने जगू दिलं नाही. शेवटी आमचे हे म्हणाले, चल, तुला घेऊन जातो, नाहीतर घरात फुटायला काही शिल्लक राहायचं नाही. माझं म्हणणं सरळ होतं. मी जाणार, टाक मागणार, टाक घेऊन येणार आणि आखाजीला आईच्या घागरीमागे ठेवणार. मुलीला दाखवणार की हे बघ, हे नाक. म्हातारी दोन गोड शब्द बोलेल, रडेल, त्याला मी भुलणार नव्हते. काय काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं.

लढाईमुळे मोटारी तेव्हा कोळशावर चालत. मागे एक भट्टी लावलेली, तिला वारा घालून घालून धूर काढायचा, मग कुठे गाडी हलायची. आमची मोटार वाटेत दोनदा बसली. सगळे उतारू लिंबाखाली जाऊन पडले, आमच्या ह्यांनी तर टोपी तोंडावर घेऊन डोळाही लावला. मी भट्टीशेजारी उभी राहून ड्रायव्हरला सूचना करत होते. त्याने शेवटी पंखाच माझ्या हातात दिला. प्रकाशा गावाच्या अलीकडे मोटार सोडली आणि नावेतून तापी ओलांडली. उन्हाळ्याचं पाणी, नाव ढकलत ढकलत नेत होते. मला वाटत होतं, उतरून चालत गेले असते तर लवकर पोचले असते. पलीकडे दुसरी मोटार, शहाद्याला ह्यांच्या ओळखीच्या घरी मुक्काम, आणि सकाळी बैलगाडीने ब्राह्मणपुरी.

घर चांगलं होतं. मातीच्या धाब्याचं, मागे मोठं अंगण, गोठ्यात दोन जोड्या. माझ्याच वयाचा एक मिशाळ माणूस ओट्यावर दोर वळत बसला होता. मी म्हातारीचं विचारल्यावर त्याने आत पाहून हाक मारली, "माय, पाव्हना उनात." एवढा मोठा बाप्या आणि त्याच्या तोंडात ते माय इतकं सहज, की मला ते खुपलं. तो तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा. म्हणजे माझ्यासारखाच सावत्र. फरक इतकाच, की माझ्याकडून ती गेली आणि त्याच्याकडे आली. ह्यांना त्याने ओट्यावर बसवून घेतलं आणि मला अंगणाकडे बोट दाखवलं.

अंगणात बिबड्या घालणं चाललं होतं. ज्वारी भिजवून, दळून, तिखटमीठ-तीळ घालून तिचा घाट शिजवतात आणि गरम असतानाच ओल्या धोतरावर पातळ पसरतात, वाळले की झाले ज्वारीचे पापड. घाट निवला की पसरत नाही. त्यामुळे ते काम मध्येच सोडून कुणी उठत नाही, दारात कुणीही येवो. खाटेवर धोतर अंथरलेलं, आणि खाटेपाशी एक वाळकी, उंच बाई ओल्या हाताने घाट फिरवत होती. तिने वर पाहिलंच नाही. आली असेल भाऊबंदातली कुणी, असं समजून म्हणाली, बस, एवढं होऊ दे.

मी खाटेच्या रिकाम्या कोपऱ्यावर टेकले. पाठ केलेलं बोलणं कुठून सुरू करायचं ते मला सापडेना. तिच्या लुगड्याच्या पदराआड काळा दोरा दिसत होता, टाक दिसत नव्हते. ती एक बिबडी घालायची, हात पाण्यात बुडवायचा, दुसरी घालायची. मी तिच्या बोटांकडे पाहत होते. मग ती मान वर न करताच म्हणाली,

"पाय हालाडू नको, खाट हाली ऱ्हायनी."

आणि तिचा हात थांबला. घाटाचा गोळा बोटांवर तसाच, आणि हात अधांतरी. माझाही पाय थांबला. मला ते वाक्य ओळखीचं होतं. शब्द ओळखीचे होते, त्यांचा चढउतार ओळखीचा होता, आणि ते ज्या गळ्यातून निघालं तो गळाही मला एकदम दिसला. टाकाच्या वरचा. मानेवर डाव्या बाजूला तीळ होता, तो अजून होता.

तिने वर पाहिलं. ती रडेल असं मी गृहीत धरून आले होते. ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे, मग पायाकडे, मग परत तोंडाकडे तिने पाहिलं, आणि घाटाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. घाट निवत होता. मी पदर खोचला आणि बिबड्या घालायला लागले. दुसरं काय करणार! माझ्या बिबड्या जाड येत होत्या. तिने माझ्या हातावर हात ठेवून एक पसरून दाखवली, जशी लहान पोरीला दाखवतात. मी बेचाळीस वर्षांची बाई, बिबड्या माझ्या घरी मी दरसाल घालते. मला राग आला. त्या रागाचं बरं झालं, कारण त्या रागातच मला बोलता आलं.

"माले मन्ही मायना टाक जोयजे," मी म्हटलं. "तू चोरीसन आना तो."

तिने पातेलं खरवडून शेवटची बिबडी घातली. हात धुतले, पदराला पुसले. मग पदराआडचा दोरा बाहेर ओढून खाटेच्या कडेवर दोन्ही टाक एकाशेजारी एक ठेवले. दोरा गळ्यातच होता, म्हणून तिला वाकून बसावं लागलं. आमची डोकी जवळजवळ लागत होती.

मी पाहिलं. गोल तोंड, दोन ठिपक्यांचे डोळे, सरळ उतरतं नाक, मिटलेले ओठ. माझी आई. आणि शेजारी पुन्हा गोल तोंड, दोन ठिपक्यांचे डोळे, तेच नाक, तेच ओठ. केसभर फरक नाही. मी एकीवरून दुसरीवर पाहत राहिले.  मी विचारलं, यातली माझी आई कुठली?

ती म्हणाली, "यामां तुन्ही माय नही शे. सोनारकडे एकच ठसा व्हता."

मग तिने समजावून सांगितलं, शांतपणे, जसं एखाद्या समजूतदार बाईने आपल्या हट्टी पोरीला सांगावं. नंदुरबारचा तो सोनार दोन्ही तीरांवरच्या गावांना टाक करून द्यायचा. त्याच्याकडे बायकांचा एक ठसा आणि पुरुषांचा एक. कुणाची का बायको मरेना, पत्रा ठशावर ठेवायचा आणि हातोडी मारायची. तिचा पहिला टाक माझ्या आईच्या नावाचा, दुसरा या मिशाळ मुलाच्या आईच्या नावाचा. नावं वेगळी, तोंड तेच. तिने माझ्या आईला कधी पाहिलंही नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा माझी आई जाऊन सात-आठ महिने झाले होते.

चाळीस वर्षं मी आरशात ते नाक शोधलं. मुलगी झाली तेव्हा तिच्या नाकावरून बोट फिरवून म्हटलं, हे आजीचं. आणि ते निघालं सोनाराच्या ठशाचं नाक. अर्ध्या खानदेशातल्या मेलेल्या बायकांचं एकच नाक! मला हसू येत होतं आणि त्याच वेळी कुणाला तरी ओरबाडावंसं वाटत होतं. माझ्या आईचा चेहरा ठाऊक असलेलं माणूस आता जगात उरलं नव्हतं. आबा गेले, काका गेले, काकू गेली. मी उठले, गोठ्यापर्यंत गेले, तिथून परत आले. ती वाकूनच बसली होती. मी उभ्यानेच म्हटलं, मग चोरलास कशाला? तोंड सगळ्यांचं एकच, तर सवतीला भिऊन त्याच्यापायी चोरी करायची गरज काय होती?

ती म्हणाली, बस. मी बसले नाही. तिने माझा हात धरून बसवलं. मग माझा अंगठा दोघांपैकी एका टाकाच्या खालच्या कडेवर ठेवला आणि हळूहळू फिरवला. एका जागी अंगठ्याला काहीतरी लागलं. दोन बारीक खळगे, एकमेकांना लागून. तिने अंगठा दुसऱ्या टाकावर फिरवला. ती कड सारखी गुळगुळीत होती. पुन्हा पहिल्यावर आणला.

"ह्या तुन्हा दात शेतस," ती म्हणाली.

तिने मला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा मला खालचे दोनच दात होते. हिरड्या शिवशिवत असत, हाताला येईल ते मी तोंडात घालायची, आणि सर्वांत हाताशी काय, तर तिच्या गळ्यातला टाक. सासूने, म्हणजे माझ्या आजीने आरडाओरडा केला, की मेलेल्या आईला पोर चावतंय, अपशकुन आहे. पण तो काढला की मी रडायची, म्हणून ती मला गुपचूप चावू द्यायची. कोवळी चांदी, पातळ पत्रा. आबांच्या घरातून निघताना तिने पेटीत ठेवलेलं डोरलं काढलं, पाटल्या काढल्या, जोडवी काढली, सगळं देवापुढे ठेवलं. टाकही काढून ठेवला. मग दारापर्यंत गेली आणि परत आली.

"त्यासनी पोर दिन्ही नही," ती म्हणाली. "मंग मी तुन्हा दात उचलात."

 पाठ केलेल्यातलं एकही वाक्य उपयोगाचं उरलं नव्हतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडले, इतकी की आमचे हे ओट्यावरून उठून दारात आले, पाहिलं, आणि परत जाऊन बसले. मी आईसाठी रडत नव्हते. आई मला कधी मिळालीच नव्हती, ती त्या दिवशीही मिळाली नाही. मी त्या दोन वेण्यांसाठी रडत होते. मी इतकी वर्षं चुकीच्या बाईसाठी झुरले आणि जिच्यासाठी झुरायचं तिच्यावर रागावून राहिले, हे मला तिथे, त्या ओल्या ज्वारीच्या वासात कळलं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि केस विंचरल्यासारखी बोटं घालत होती.

निघताना मी टाक पुन्हा मागितला. आता मला आईसाठी नको होता. तिने तो मुठीत धरला. "जीव शे तवपावत नही भेटाव," ती म्हणाली. "मंग लई जाय." आपल्या मुलाला बोलावून तिने माझ्यासमोर सांगितलं, की मी गेल्यावर यातला हा एक हिला द्यायचा, आणि तुझ्या आईचा माझ्याबरोबर तापीत सोडायचा. तो बिचारा मान हलवत होता. त्याने दोन्ही टाकांकडे पाहिलं, पण कुठला कुठला ते त्याला तेव्हाही कळलं नसावं. पुरुषमाणसं असल्या गोष्टी नीट पाहत नाहीत.

त्यानंतर मला चार आखाज्या मिळाल्या. बेचाळिसाव्या वर्षी मला माहेर आलं आणि मी ते वसूल केलं. दर आखाजीला कोळशाच्या मोटारीने, नावेने, गाडीने ब्राह्मणपुरीला जायची. अंगणातल्या लिंबाला झोका बांधलेला असायचा आणि तिथल्या पोरीबाळी मला हसायच्या, की ही पांढऱ्या केसांची माहेरवाशीण कोण. धाकलीमाय मला झोक्यावर बसवायची. तिथे मी पाय हवा तेवढा हलवला तरी चालायचं. मी तिच्याशी भांडलेही पुष्कळ. काकूबद्दल ती वाईट बोलायला लागली की मी काकूची बाजू घ्यायची. तिला सावत्र मुलाच्या बायकोचं कौतुक जरा जास्तच होतं, त्यावरूनही आमचं व्हायचं. पण निघताना मी तिच्या गळ्याशी हात नेऊन अंगठा त्या कडेवर फिरवायची, आणि ती मान वर करून थांबायची, बांगड्या भरताना हात पुढे करतात तशी.

पाचव्या वर्षी, आखाजीला महिना असताना, तो मिशाळ भाऊ नंदुरबारला आमच्या दारात आला. मुंडण केलेलं पाहूनच मला कळलं. निरोप पाठवायला वेळ मिळाला नाही, म्हणाला, दोन दिवसांच्या तापात गेली. सगळं तिच्या मनासारखं केलं. प्रकाशाला तापीत राख सोडली, तिच्याबरोबर एक टाक सोडला. आणि हा तुझा, असं म्हणून त्याने उपरण्याची गाठ सोडली. काळा दोरा तोच होता, तिच्या घामाने कडक झालेला.

मी अंगठा कडेवर फिरवला. एकदा फिरवला, मग उलटा फिरवला. कड गुळगुळीत होती.

मी तोंडाची फटकळ बाई. आजवर मनात आलेलं ओठांच्या आत राहिलेलं नाही. पण तो माणूस समोर बसला होता, दोन दिवस प्रवास करून आलेला, डोळे सुजलेले, आणि मला विचारत होता, बरोबर आणला ना? त्याने आणली होती ती त्याची स्वतःची आई. माझे दात त्याने नदीत सोडले होते. मी म्हटलं, हो, हाच. त्याला जेवायला वाढलं. तो दोन दिवस राहिला, आणि जाताना मी त्याला सांगितलं, की आखाजीला मी येणार, झोका बांधून ठेव.

टाक आता आमच्या देव्हाऱ्यात आहे. सणाला मी त्याला हळदकुंकू लावते आणि त्या मिशाळ भावाच्या आईच्या नावाने पहिला घास ठेवते, कारण ते आता माझ्याकडे आलं आहे. मुलगी सासरहून आली की म्हणते, हेच ना आजीचं नाक? ठसा एकच, तेव्हा मी हो म्हणते. मी जे मागायला ब्राह्मणपुरीला गेले होते ते मला अगदी तसंच मिळालं. तेच गोल तोंड, तेच डोळे, तेच ओठ. आणि मी अजून दिवसातून दोनदा तरी देव्हाऱ्याशी जाते, टाक उचलते, आणि खालच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहते.